थर्मल कोणतं घ्यावं? आधी घामाचा हिशेब करा

तुमच्या प्रश्नातल्या गोष्टी आधी एकत्र मांडते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. डिसेंबरअखेर तुम्ही आणि तुमची धाकटी बहीण उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला चालला आहात. एरवी तुम्ही पहाटे त्र्यंबक रोडला सायकल चालवता, म्हणून दोन्हीकडे चालेल असा थर्मलचा एकच जोड घ्यायचा विचार आहे. दुकानदाराने आतून फर लावलेला जाडजूड जोड पुढे केला आणि ‘उणे वीसलाही काही होणार नाही’ म्हणाला. ट्रेक केलेला मित्र म्हणतो, मेरिनो लोकरीशिवाय दुसरं काही घेऊ नकोस. बहिणीला थंडी अजिबात सोसत नाही, त्यामुळे ती एकावर एक दोन थर्मल चढवायच्या बेतात आहे.

मी नाशिकहून सह्याद्रीत आणि हिवाळ्यात उत्तराखंडात गट घेऊन जाते. निघण्याआधी प्रत्येकाची सॅक उघडून बघायची, ही माझी सवय गटातल्या लोकांना फारशी आवडत नाही, पण त्यातून एक गोष्ट पक्की कळलेली आहे: लोक थंडीचा विचार करून खरेदी करतात आणि घामामुळे गारठतात. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. फरवाला जोड ठेवून द्या. त्या पैशात पातळ थर्मलचे दोन जोड घ्या, एक चालायला आणि एक झोपायला. आता का, ते सांगते. कारण नीट कळलं की दुकानात तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

थर्मल स्वतः उष्णता तयार करत नाही. उष्णता शरीर तयार करतं. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतं, आणि पाठीवर सॅक घेऊन चढ चढताना हाच आकडा पाचशेच्या पुढे जातो. म्हणजे एकाच सकाळी, त्याच कपड्यांत तुम्ही पाचपट तापता आणि दहा मिनिटं दगडावर टेकलात की परत मूळपदावर येता. बाहेरचा पारा तेवढ्या वेळात हललेलाही नसतो. कपडा जाड असेल तर चढावर ही जादा उष्णता आत कोंडते, शरीर घाम सोडतं आणि अंगालगतचा थर भिजतो. थांबल्यावर मात्र तोच थर उलटतो. कपड्यात अडकलेली स्थिर हवा ही खरी ऊब असते, आणि पाणी त्या हवेपेक्षा जवळपास पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय एक लिटर घाम अंगावर सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने तुमची पाठ गार होते.

हे बघायला हिमालयात जायची गरज नाही. कळसूबाईला रात्री चढणाऱ्यांना बघा. बारी गावात गाडीतून उतरलं की गारठा झोंबतो, म्हणून थर्मल, वर स्वेटर, वर जर्किन असं सगळं चढवून मंडळी निघतात. पहिल्या शिडीपर्यंत घामाघूम. १,६४६ मीटरच्या माथ्यावर पोचतात तेव्हा सूर्योदयाला अजून वेळ असतो, देवळाच्या आडोशाची जागा आधी आलेल्यांनी धरलेली असते आणि वारा थांबायचं नाव घेत नाही. जो सगळ्यात जास्त कुडकुडतोय त्याच्या पाठीला हात लावून बघा, बनियन पिळून पाणी निघेल. त्याच वाटेने चहाचं सामान घेऊन वर आलेला गावातला पोरगा साध्या शर्टात उभा असतो. त्याला सवय आहे हे खरं, पण घाम फुटेल इतके कपडे घालून तो चढलेला नसतो, हेही तितकंच खरं.

म्हणून माझ्या गटात एक नियम आहे: चालायला सुरुवात करताना किंचित थंडी वाजलीच पाहिजे. निघतानाच अगदी उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त आहे. पहिल्या पंधरा मिनिटांत लोक माझ्यावर वैतागतात, नंतर कुणाची तक्रार नसते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. जिथे घामाचा हिशेब लागूच होत नाही, तिथे तुमचा दुकानदार बरोबर आहे. पिंपळगाव-ओझरकडून पहाटेच्या पाळीसाठी अंबड-सातपूरला मोटारसायकलवर येणारा माणूस घ्या. तो बसलेला असतो, अंगाला काही श्रम नसतात आणि वारा थेट छातीवर येतो. हवा ८ अंश असेल आणि गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली असेल, तर उघड्या कातडीला ती तीनेक अंशांसारखी लागते. त्याने फरवालं थर्मल खुशाल घालावं. फक्त वरून वारा अडवणारं जर्किन हवंच, कारण वारा आत शिरला की फरमधली हवा टिकत नाही. निफाडकडे तर ही थंडी आणखी वेगळी असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतो तो उगाच नव्हे. आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला की जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि गार झालेली जड हवा सखल भागात साचते. अशा पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत, त्यांच्यावर लक्ष ठेवत उभ्या राहणाऱ्या माणसाला जाड थर्मलच लागतं. तिथे मी कुणाला पातळ घ्या असं सांगणार नाही.

तुमची सायकल या दोन्हींच्या मधे बसते. ताशी २०-२५ किलोमीटरच्या वेगाने पुढून वारा लागतो आणि आतून घाम येतो. छाती गार, पाठ ओली. त्यावर उपाय म्हणजे पातळ पूर्ण बाह्यांचं थर्मल आणि वर पुढून वारा अडवणारं, मागून जाळीचं विंडचीटर किंवा बिनबाह्यांचं जाकीट. नाशकाच्या ८ ते १२ अंशांच्या पहाटेला तेवढं पुरतं. त्र्यंबकहून परतताना ऊन वर आलेलं असतं, म्हणून गळ्याला चेन असलेलं थर्मल घ्या. चेन चार बोटं खाली ओढली की निम्मा प्रश्न सुटतो, सायकल थांबवावीही लागत नाही. हीच चेन केदारकंठाच्या चढावरही कामाला येते. गोल गळ्याचं थर्मल थोडं स्वस्त पडतं, पण मी चेनवाल्यालाच पसंती देईन.

माणसामाणसाचाही फरक असतोच. कुणाला जिन्यावर घाम फुटतो, कुणी अर्धा डोंगर चढूनही कोरडा असतो. वय, बारीक अंगकाठी, रक्त कमी असणं, थायरॉइड यांमुळे काहींना थंडी खरोखर जास्त वाजते. तुमच्या बहिणीला नाशकातल्या थंडीतही बोटं पांढरी पडून बधिर होण्याचा त्रास असेल तर ट्रेकआधी डॉक्टरांना दाखवा. तो थर्मलने सुटणारा प्रश्न नाही.

कापडाकडे वळू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे होजिअरीच्या दुकानात ‘थर्मल’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा सुती किंवा सुती-पॉलिस्टर मिश्रणाचं असतं. सुती धागा पाणी स्वतःच्या आत ओढून घेतो आणि लवकर सोडत नाही. घरात झोपायला, आजी-आजोबांना सकाळी अंगणात बसायला सुती थर्मल छानच. मऊ असतं, टोचत नाही, धुवायला सोपं. पण चढावर ते भिजलं की त्या दिवसात सुकत नाही. ‘बांबू’चं म्हणून जे विकलं जातं ते बहुधा व्हिस्कोस, म्हणजे लगद्यापासून बनवलेला धागा असतो. हाताला रेशमासारखं लागतं, पण पाणी सुतापेक्षाही जास्त पितं. त्याच्या मऊपणाला भुलू नका. अॅक्रिलिक मिसळलेली थर्मलं उबदार असतात. वापराने त्यांच्यावर गोळे येतात.

पॉलिस्टरचा धागा पाणी जवळजवळ पितच नाही, वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. घाम धाग्यांमधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथून उडून जातो. जोराच्या चढाला मला हेच सगळ्यात भरवशाचं वाटतं. स्वस्त, टिकाऊ, आणि मुक्कामावर अंगातल्या उबेवरच तासाभरात सुकणारं. खोट एकच, पण मोठी: वास. अंगातलं तेल पॉलिस्टरला धरून राहतं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तंबूतल्या सोबत्याला त्याची जाणीव होते. नायलॉन मिसळलेलं थोडं मजबूत असतं, थोडा ताण देणारा इलॅस्टेन पाच-दहा टक्के असला तर अंगाला नीट बसतं. त्याहून जास्त नको.

मेरिनोबद्दल तुमचा मित्र चुकीचं सांगत नाहीये, पण तो एकच बाजू सांगतोय. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा धागा १७ ते १९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतका बारीक असतो, म्हणून कातडीला टेकला की वाकतो आणि टोचत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड असते, तिची घोंगडी उघड्या अंगावर घेतली की खाजतं ते त्यामुळेच. पण गुण तोच. पावसात भिजलेली घोंगडी पांघरून मेंढपाळ रात्र काढतो, कारण लोकर वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा धाग्याच्या आत सामावून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. वर, ओलावा पिताना ती थोडी उष्णताही सोडते. वासही बराच कमी येतो, चार दिवस तोच कपडा घालता येतो. मग अडचण काय? पैसा, एक. पॉलिस्टरपेक्षा तीन-चार पट महाग पडतं. दुसरं, पातळ मेरिनो नाजूक असतं; सॅकच्या पट्ट्यांखाली, कोपरावर भोकं पडतात. तिसरं, पुरतं भिजलं तर ते पॉलिस्टरपेक्षा सावकाश सुकतं. त्यामुळे परवडत असेल तर मेरिनो झोपायच्या आणि शिखराच्या जोडासाठी घ्या. रोज घामाने भिजवायला आणि त्र्यंबक रोडवर घालायला पॉलिस्टर ठीक आहे. मेरिनो घेतलंच नाही तरी तुमचा ट्रेक अडणार नाही.

थोडं विषयांतर करते. १९३३ साली नॉर्वेतल्या हेनरिक ब्रुन या लष्करी अधिकाऱ्याने हेरिंग माशांच्या जाळ्यापासून बनियन बनवलं. नुसती भोकं. पण वर दुसरा कपडा घातला की त्या भोकांत हवा अडकते, आणि चढताना वरचा कपडा उघडला की घाम कुठेही न अडकता निघून जातो. अशी जाळीची बनियनं आजही बनतात आणि अतिथंड प्रदेशात वापरली जातात. आपल्याकडे सहज मिळत नाहीत आणि तुम्हाला शोधायचीही गरज नाही. जाड कापड म्हणजे ऊब हे समीकरण डोक्यातून जावं म्हणून सांगितलं.

जाडी मोजायची झाली तर कापडाचं वजन बघा. मेरिनोच्या पाकिटावर ते बहुतेक वेळा दर चौरस मीटरला १५०, २०० किंवा २५० ग्रॅम असं दिलेलं असतं. चालायला १५०, झोपायला आणि शिखराच्या पहाटेला २००. अडीचशेचं मी फक्त बसून राहायच्या कामासाठी सुचवते. पॉलिस्टरमध्ये असा आकडा नेहमी मिळत नाही. तेव्हा कापड तोंडाजवळ धरून फुंकर मारा. पलीकडे धरलेल्या हाताला हवा सहज लागली तर चालायला ते योग्य आहे.

ऊब वरच्या थरांतून घ्यायची. थर्मलवर फ्लीसचं, म्हणजे मऊ लोकरीसारख्या पॉलिस्टर कापडाचं जाकीट, त्यावर मुक्कामासाठी पिसांचं किंवा कृत्रिम भरणाचं फुगीर जाकीट, आणि सगळ्यांत वर वारा-बर्फ अडवणारं. हे थर एका मिनिटात काढता-घालता येतात. अंगालगतचं थर्मल मात्र उणे पाच अंशांत उघड्यावर कुणी बदलत नाही. म्हणून जे बदलता येत नाही ते पातळ ठेवायचं आणि जे बदलता येतं त्यात जाडी घालायची.

बहिणीच्या दोन थर्मलचं उत्तरही यातच आहे. तंबूत बसल्यावर दोन पातळ थर्मल एकावर एक घालायला काहीच हरकत नाही, फक्त वरचं एक माप मोठं असू दे. दोन्ही एकाच मापाची घातली तर मधली हवा दाबून निघून जाते, आणि मनगटाशी, पोटरीशी आवळलं की हातपाय उलट गार पडतात. चालताना मात्र एकच. तिला सांगा, थंडी सोसत नाही असं म्हणणाऱ्यांची सुटका बहुतेक वेळा छातीवरच्या तिसऱ्या कपड्याने होत नाही. मान, डोकं, मनगटं आणि पाय झाकल्याने होते. गळ्याभोवतीची नळीसारखी पट्टी, कानटोपी, आतले पातळ हातमोजे आणि त्यावर मोठे, झोपायचे वेगळे कोरडे लोकरी मोजे. रात्री पोटभर जेवायचं. अर्धपोटी माणूस कितीही थर घालून गारच राहतो. आणि झोपताना घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत घ्यायची.

तिच्यासाठी आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. उत्तम थर्मलच्या आत सुती किंवा पॅडची ब्रा घातली तर सगळं मुसळ केरात. पॅड पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी नेमकं छातीवर राहतं. बिनपॅडची, लवकर सुकणारी स्पोर्ट्‌स ब्रा दोन घ्यायच्या, एक झोपायच्या जोडाबरोबर कोरडी ठेवायची. तुमच्यासाठीही हाच नियम: आत सुती बनियन घालून वर थर्मल घालू नका. आणि चड्डीही लवकर सुकणाऱ्या कापडाची असू द्या.

पायांच्या थर्मलबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, पटलं तर बघा. मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी. चालताना तेच भट्टीसारखे पेटलेले असतात. दिवसाच्या चालीत नुसती ट्रेकची पँट पुरते, आत थर्मल घातलं की दुपारपर्यंत मांड्या ओल्या. आणि पायातलं थर्मल काढायचं म्हणजे गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण), बूट, पँट सगळं उतरवायचं, बर्फात एका पायावर उभं राहून. कुणी ते करत नाही, भिजत चालतात. म्हणून पायाचं थर्मल दोनच वेळी घाला, मुक्कामावर आणि शिखराच्या पहाटे. शक्य असेल तर पोटरीपर्यंतच येणारं घ्या, म्हणजे बुटात मोज्याखाली त्याची घडी होऊन टोचणार नाही. पूर्ण लांबीचं असेल तर मोजा वरून ओढून सपाट बसवा. त्या घडीमुळे आलेले फोड मी बऱ्याच पायांवर पाहिले आहेत.

केदारकंठावर हे कसं वापरायचं ते सांगते. पायथ्याचं गाव सांक्री सुमारे १,९५० मीटरवर आहे आणि शिखर ३,८१० मीटरवर. दर हजार मीटरला साडेसहा अंशांच्या हिशेबाने माथा गावापेक्षा बारा अंशांनी थंड असतो. सांक्रीत पहाटे दोन अंश असेल तर वर उणे दहा, वाऱ्याचं वेगळं. दिवसा जंगलातून चढताना चालायचं थर्मल, पँट, गरज वाटली तर फ्लीस. मुक्कामावर पोचल्या पोचल्या, अंग गरम असतानाच, तंबूत शिरून ओलं काढायचं आणि झोपायचा जोड घालायचा. हे चहाच्या आधी. लोक चहा घेत गप्पा मारत बसतात, पंधरा मिनिटांत घाम थंड होतो आणि मग रात्रभर ऊब येत नाही. ओला जोड बाहेर दोरीवर टाकलात तर सकाळी पत्र्यासारखा कडक झालेला मिळेल. पिळून तो फ्लीसच्या आत, पोटाशी घाला, जेवणापर्यंत सुकतो.

शिखराचा दिवस मध्यरात्रीनंतर सुरू होतो. त्या दिवशी झोपायचाच जोड घालून निघतात, पायाच्या थर्मलसकट, कारण अंधारात वेग कमी आणि थांबे जास्त. पण तिथेही पहिल्या चढानंतर फुगीर जाकीट सॅकमध्ये गेलंच पाहिजे. वर थांबल्यावर सॅकमधून काढून अंगावर घालायचं ते तेच. चालायचा जोड तोवर कोरडा झालेला असतो, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवा. उतरल्यावर तो बदलता येतो.

थोडक्यात: दोन पातळ जोड, वरचे दोन्ही गळ्याला चेनवाले, चालायचा पॉलिस्टर, झोपायचा जमलं तर मेरिनो, पायाचं थर्मल एकच पुरे, तेही दिवसा सॅकमध्ये.

दुकानात बघायच्या गोष्टी. पाकिटावरच्या ‘उणे वीस’कडे दुर्लक्ष करा. स्लीपिंग बॅगेच्या तापमानासाठी चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. दुकानातल्या साध्या थर्मलवर छापलेल्या अंशांना तसा आधार नसतो. आत शिवलेल्या चिठ्ठीवरचे धाग्यांचे टक्के वाचा, दुकानदार बोलत असला तरी वाचा. माप अंगासरशी हवं, आवळणारं नको. जिममध्ये घालतात ते ताणून बसणारे कॉम्प्रेशनचे कपडे म्हणजे थर्मल नव्हे. घालून बघताना दोन्ही हात वर करा आणि उकिडवे बसा. पाठ उघडी पडली तर एवढी लांबी तुम्हाला पुरणार नाही. सॅक उचलताना दरवेळी कमरेत वारा शिरेल. खांद्यावरची शिलाई सपाट आहे का आणि सॅकच्या पट्ट्याखाली येत नाही ना, ते बोटाने चाचपा. जांघेत जोडाचा वेगळा तुकडा असेल तर उत्तम, उंच पाऊल टाकताना शिवण ताणत नाही.

घरी आणल्यावर, बिल सांभाळून, एक चाचणी करा. नवं थर्मल आणि तुमचं नेहमीचं सुती बनियन दोन्ही भिजवा, पिळा, रात्री गॅलरीत शेजारी शेजारी वाळत घाला. दोन तासांनी हात लावा. फरक कळेल. फरक कळलाच नाही, तर चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, ते थर्मल चालायला घेऊ नका.

शेकोटीपासून जपा. पॉलिस्टर जळण्याआधी वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. ठिणगी उडाली तर भोक पडतं ते वेगळंच. लोकर वितळत नाही, नुसती करपते. तंबूत उबेसाठी निखाऱ्यांची शेगडी घेऊ द्या असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा, बंद जागेत त्या धुराआडचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

धुताना थंड पाणी, साधा साबण. कपडे मऊ करणारं द्रावण अजिबात नको. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम पसरणं थांबतं. पॉलिस्टरचा वास जात नसेल तर धुण्याआधी अर्धा तास थोड्या व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा. मेरिनो पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट वाळवा. उन्हाळ्यात कपाटात ठेवताना स्वच्छ धुऊन, बंद पिशवीत आणि डांबराच्या गोळ्यांसोबत, नाहीतर कसर लागते. घामट लोकर तिला जास्त आवडते.

पैशांचं बघाल तर पॉलिस्टरचा एक पातळ जोड हजार-दीड हजारात बसतो, खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत कापडाचे टक्के आणि मापं नीट दिलेली असतात. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये कानटोप्या, हातमोजे, लोकरी मोजे बघा, तिथे स्वस्तात चांगले मिळतात. तिथली थर्मलं घ्यायची तर चिठ्ठी वाचून. जाड जाकीट, गेटर, बुटाला लावायचे दात हे सगळं सांक्रीत भाड्याने मिळतं, त्यावर आत्ताच पैसे घालवू नका. थर्मल मात्र इथूनच न्या आणि नोव्हेंबरातच घ्या, कारण डिसेंबरच्या मध्यावर दुकानांत उरतात ती एकतर फार मोठी मापं किंवा तोच फरवाला जोड.